भुंग्यावरचा आळ

पुणे, ३ ऑगस्ट १९९७

ती. जालिंदरमामांस,
तुषारचा सप्रेम जय भीम. भागिरथीमामींनाही सांगा.

पंधरा ऑगस्टला शाळेत काहीतरी वेगळं दाखवायचं आहे असं तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून एक व्हिडिओ कॅसेट पाठवतो आहे. नेवासा गाडीच्या कंडक्टरजवळ दिली आहे, घोडेगावच्या स्टँडवर घ्यायला विसरू नका. आमच्या स्टुडिओत दीड वर्ष जिचं काम चाललं होतं ती हीच कार्टून फिल्म. कंपनी परदेशातली, पण मधली हजारो चित्रं आम्ही इथे पुण्यात बसून काढली. कुत्रं चार पावलं चाललं की आमच्यापैकी एकाचा दिवस गेला म्हणून समजा.

फिल्म इंग्रजीत आहे, तेव्हा गोष्ट इथेच सांगून ठेवतो. टीव्हीशेजारी उभे राहून तुम्ही मुलांना सांगत जा. उत्तरेकडे एक बेट आहे, हिवाळ्यात समुद्र गोठतो, आणि बेटावर टपाल येतं ते कुत्र्यांच्या गाडीवरून. ही गाडी बर्फावर घसरत जाते, तिला चाकं नसतात. बर्फ फुटायच्या आत शेवटचं टपाल पोचवायचं आहे. गाडीवान वाटेत आजारी पडतो आणि सात कुत्री एकटीच निघतात.

कोण कसं आहे ते ओळखायला अवघड नाही, अशा फिल्मचे कायदे ठरलेले असतात. सगळ्यात लहान, लंगडणारं, ज्याला कुणी जुंपायला तयार नसतं ते पिल्लू म्हणजे नायिका. तिचं नाव मी पिटुकली ठेवलं आहे. जाडा आणि सतत खाणारा तो ढब्बू, हसवायला. पांढऱ्या भुवयांचा म्हातारा पुढारी अर्ध्यावर मरतो, पण मरायच्या आधी पिटुकलीला शहाणपणाचे दोन शब्द सांगून जातो. आणि काळा, दांडगा, फाटक्या कानाचा तो डांबर. तो दिसला की मुलांना सांगा, हा वाईट. तो वाटेतले सुके मासे चोरतो आणि आळ पिटुकलीवर ढकलतो. शेवटी सगळं गाव म्हणतं की गाडी बुडाली, आणि तेवढ्यात टेकडीमागून आधी कानांची टोकं दिसतात. तिथे मुलं ओरडतात, ओरडू द्या.

मी ढब्बूची आणि बर्फाची चित्रं केली आहेत. कशी वाटली ते कळवा.

तुमचा,
तुषार


१९ ऑगस्ट १९९७

चि. तुषारला जालिंदरमामाचा जय भीम.

मी बोलतो तसंच लिहितो, शुद्धलेखन तपासत बसू नको.

कॅसेट पोचली. झेंडावंदन झाल्यावर शुभांगीबाईंनी पाचवीच्या वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली, सहादेव पाटलानं घरचा रंगीत टीव्ही दिला, आन् निम्मं गाव आत घुसलं. मी तुझं पत्र हातात धरून उभा. साळूबाईनं पहिलाच सवाल टाकला, कुत्री गाडीला जुंपल्यावर तिथले बैल काय करत्यात? मंग ढब्बू बर्फात उलटा पडला आन् पोरं हसून लोळली. तुझी चित्रं चांगली हायेत, त्यात वाद न्हाई.

पन एक सांगतो. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हनून माझी एकवीस वरसं गेली. कुत्रं चोरी करील, चावील, मालकाची भाकरी पळवील. पन चोरी करून दुसऱ्यावर आळ घालील, असं कुत्रं मी अजून पाह्यलं न्हाई. ते मानसाचं काम हाय. तुमच्या त्या कंपनीवाल्यांनी कुत्रं पाळलेलं दिसत न्हाई.

आता मुद्द्याचं. तो डांबर पडद्यावर आला, मी खणखणीत आवाजात वाचलं, "हा वाईट." आन् त्याच वख्ताला आपला भुंग्या दारातनं आत आला आन् माझ्यापासनं चार हातांवर बसला, टीव्हीच्या उजेडात. पाटलाची बायको गोजरबाई म्हनली, "आगं बया, ह्यो तर जालिंदरचा भुंग्या!" सगळा वर्ग हसला. मीबी हसलो.

घरी येऊन बघितलं. भुंग्याचा डावा कान मधोमध फाटलेला. डांबरचा डावाच. भुंग्याचा पुढचा उजवा पाय चुन्यात बुडवल्यागत पांढरा. डांबरचा उजवाच. काळी कुत्री जगात ढीगभर असतील, मी कबूल करतो. पन डावाच कान आन् उजवाच पाय?

खरं काय ते लिव.

जालिंदर


पुणे, २६ ऑगस्ट १९९७

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी इथे खूप हसलो. भुंग्या अगदी वेळेवर आला की!

तुम्ही उगाच मनात घेतलं आहे. पात्रं कशी दिसावीत हे सगळं परदेशात ठरतं, आम्ही फक्त गिरवणारे. वाईट पात्राला काहीतरी खूण द्यावीच लागते. माणूस असला तर गालावर वार, कुत्रं असलं तर फाटका कान. लहान मूल आहे, त्याला पहिल्या क्षणात कळलं पाहिजे की याच्यापासून सावध राहायचं. एकदा रूप दाखवलं की पुढे समजावून सांगावं लागत नाही. पांढरा पाय का, तर अख्खा काळा कुत्रा पळताना त्याचे पाय वेगवेगळे दिसत नाहीत, म्हणून एक पाय पांढरा. ही चित्र काढणाऱ्याची सोय असते, दुसरं काही नाही. आणि डावा की उजवा म्हणाल तर दोनच बाजू असतात, त्यामुळे जुळायची शक्यता अर्धी आहेच. शिवाय तुम्ही पोती लावलेल्या अंधाऱ्या खोलीत बघितलंत, रंगीत टीव्हीवर रंग थोडे इकडचे तिकडे होतात. माझा आणि डांबरचा काही संबंध नाही, मी तर ढब्बूवर होतो.

मुलांना आवडली ना, मग झालं. मामींच्या गुडघ्यांना कसं आहे?

तुमचा,
तुषार


९ सप्टेंबर १९९७

चि. तुषार, जय भीम.

मी एका ओळीचा सवाल विचारला आन् तू पानभर उत्तर दिलंस. दवाखान्यात असंच असतं. म्हशीला काय झालं विचारलं की खरं सांगणारा म्हनतो, पडली. ज्यानं मारलेलं असतं तो गोठ्यापासनं सुरुवात करतो.

तवा मी शुभांगीबाईंना बोलावलं आन् कॅसेट पार शेवटापत्तोर चालवली. गोष्ट संपल्यावर काळ्या पडद्यावर नावं वर सरकत्यात, तुला ठाऊक हाय. कुठलं कुत्रं कोनी काढलं ते तिथं त्याच्या चित्राखाली लिहिलेलं हाय. बाईंनी थांबवून वाचलं. ढब्बूखाली भलतंच कोनतरी. डांबरखाली चार नावं, आन् त्यात पहिलं तुझं.

तुझी मामी म्हनली, गेल्या सालच्या उन्हाळ्यात आल्ता तवा दोन दिवस वही घिऊन भुंग्याम्होरंच बसला हुता, मला वाटलं कौतुकानं काढतोय.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पन इकडं पेटलंय. पोळ्याच्या आदल्या दिवशी सहादेवच्या कुडाच्या गोठ्यातनं एक करडू गेलं. चार दिवसांनी दुसरं. परवा तिसरं. रगात न्हाई, केस न्हाई. पहिल्या दिवशीच गोजरबाई म्हनली, "तो डांबर न्हाई का, मासे चोरनारा!" आता सगळं गाव तेच म्हनतंय. पोरं भुंग्याला बघून "हा वाईट, हा वाईट" करून ओरडत्यात, माझ्याच आवाजात. माझ्या आवाजाची नक्कल करत्यात, तुषार. मीच शिकवलं की त्यांना.

गावात काळी कुत्री पाच हायेत. त्यातलं एक तर सहादेवच्याच वस्तीवर हाय. त्याचं नाव कोन घेत न्हाई. बोट वळलं ते आपल्या गल्लीकडं. कुत्र्याचं नाव घेत्यात, पन "त्यांच्यातलं कुत्रं" म्हनत्यात. तुला कळतंय ना मी काय म्हनतोय?

आन् मला हे सांग. काळा म्हनून वाईट, हे तुला कोनी शिकवलं? दुसऱ्या कोनी काढलं असतं तर मी म्हनलो असतो, जाऊ दे, अडानी हाय. तू आपल्या घरातला. रूप दाखवलं की समजावून सांगावं लागत न्हाई, असं तू लिहितोस! बाबा रे, आपल्या आज्यापंज्यांना हेच तर सोसावं लागलं.

ढब्बूवर हुतो म्हनून खोटं का बोललास? कुत्र्याचं चित्र काढलं तर त्यात लपवायसारखं काय हाय? मला इथंच वास येतोय.

जालिंदर


पुणे, १५ सप्टेंबर १९९७

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

चुकलो. डांबर मीच काढला, आणि भुंग्यावरूनच काढला.

झालं असं की वाईट कुत्र्याचं रूप ठरवायचं काम कंपनीने आमच्या स्टुडिओवर सोपवलं. आमचे साहेब म्हणाले, "काळा काढा, अंगाने मोठा काढा, आणि बघितल्याबरोबर वाटलं पाहिजे की याने काहीतरी केलं आहे." सगळ्यांनी दहा-दहा नमुने काढले. माझा पसंत पडला. तुमच्याकडे सुट्टीत वही भरून आणली होतीच, तीच वापरली. पगार वाढला, नाव पहिलं लागलं. तुम्हाला राग येईल म्हणून ढब्बूचं सांगितलं. बाकी लपवण्यासारखं त्यात काही नाही.

काळ्या रंगाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मान खाली गेली. ते मी टेबलावर बसून एकदाही मनात आणलं नाही. साहेब म्हणाले काळा, मी काळा भरला.

आता भुंग्याचं. तुम्ही त्याला काही दिवस साखळीने बांधून ठेवा. तो बांधलेला असताना करडू गेलं की लोकांचं तोंड आपोआप बंद होईल. अशा गोष्टीत मध्यावर निर्दोष जनावरावर संशय येतोच, तो यावाच लागतो, त्याशिवाय शेवट रंगत नाही. खरा चोर सापडेल. तुम्ही धीर सोडू नका.

मी लगेच आलो असतो, पण नवीन काम आलं आहे, रजा मिळत नाही.

तुषार


२३ सप्टेंबर १९९७

तुषार,

तू सांगितलंस तसं केलं. तुझ्या मामीनं भुंग्याला कडुनिंबाला साखळीनं बांधला, चार दिवस. त्या चार दिवसांत आनखी एक करडू गेलं. मी उड्या मारत सहादेवकडं गेलो. म्हनलं बघा, कुत्रं बांधल्यालं हुतं. तर तो म्हनला, "साखळी तुमची, कुलूप तुमचं, सोडलं न्हाई कशावरनं?" झालं. लोकांची तोंडं बंद व्हायची न्हाईत, उलट मीबी चोरीत सामील झालो.

तुझ्या त्या फिल्ममधी बघनाऱ्याला आधीपासनं ठाऊक असतं चोर कोन. म्हनून मजा येती. इथं बघनाऱ्यांनाच ठाऊक न्हाई. आन् खरा चोर सापडेलच असं कोनी लिहून ठेवलेलं न्हाई.

काल ग्रामपंचायतीपुढं मानसं बसली. कोन म्हनलं भाकरीत औषध घाला. मी म्हनलं, पुरावा द्या. तवा गोजरबाई उठली. बाई चांगली हाय, तिच्या बोलन्यात खोट नव्हती. ती म्हनली, "जालिंदरभाऊ, तुमी कधी खोटं बोलला न्हाईत. तुमीच सांगा. या कुत्र्यानं आजवर कुनाच्या जनावराला धक्का लावला न्हाई, असं छातीवर हात ठिऊन म्हना. मी माझी करडं विसरते."

एवढंच म्हनायचं हुतं मला. छातीवर हात ठिवला आन् ती शेळी आठवली.

सन नव्वदचा उन्हाळा तुला आठवत असंल. तुझी धाव्वीची परीक्षा झाली हुती. गोजरबाईचीच गाभन शेळी पडीक हिरीत पडून मेली, आन् भुंग्यानं ती हाकलत नेली हे तू डोळ्यांनी बघितलंस. कुत्रं तवा वरसाचं हुतं. मी तिला तवा एवढंच सांगितलं की शेळी पाय घसरून पडली. कुत्र्यापायी शेजारात वैर नको म्हनून. सात वरसं ते खोटं मी पोटात ठिवलं. काल ती समोर उभी राहून माझ्या खरेपनाची साक्ष काढत हुती, आन् मला राहवलं न्हाई. मी सगळं सांगून टाकलं. माझ्या भाच्यानं बघितलंय म्हनलं.

मंग वाद कशाचा उरला? आतापत्तोर मी भांडत हुतो, पन खरं सांगू, रातंदिस मलाच वाटायचं, एकदा केलं ते पुन्हा केलं नसंल कशावरनं. त्या शेळीमुळं वाटायचं.

मी म्हनलं, औषध कोनी घालू नका, तडफडून मरंल. येत्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी मी माझ्या हातानं सुई देतो. डॉक्टरसाहेबांशी बोललोय. झोपल्यागत जाईल.

तुला वाईट वाटंल म्हनून आधी कळवलं. तुझी मामी कालपासनं जेवली न्हाई.

जालिंदर


तार
पुणे, २६ सप्टेंबर १९९७

भुंग्याला मारू नका. शेळी त्याने नाही, मी पाडली. मी खोटं बोललो होतो. पत्र येत आहे. तुषार.


पुणे, २६ सप्टेंबर १९९७

ती. मामांस,

तार आधी मिळेल. मिळू दे. तारघरातल्या माणसाने दोनदा विचारलं, मजकूर बरोबर आहे ना?

तुमचं पत्र आज दुपारी आलं. स्टुडिओच्या जिन्यात वाचलं आणि तसाच तारघराकडे धावलो.

त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होता आणि मामी बाजाराला गेल्या होत्या. शेतातल्या घासाच्या वाफ्यांकडे लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं. गोजरकाकूंची शेळी घासात शिरली. मी दोनदा हाकलली, ती परत आली. तिसऱ्यांदा मला राग आला आणि मी दगड घेऊन तिच्यामागे लागलो. ती पुढे, मी मागे. घास सोडून ती माळाला लागली तरी मी थांबलो नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. विहिरीला कठडा नव्हता. माझा शेवटचा दगड तिच्या पाठीत बसला आणि ती आत गेली.

भुंग्या कुठूनतरी धावत आला. काठावर उभा राहून तो भुंकत सुटला, थांबेचना. आता कळतं की तो माणसं बोलावत होता. तुम्ही आलात तेव्हा काठावर तो होता आणि मी चार पावलं मागे. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हणालो, याने हाकलली.

तुमच्या हातात कासरा होता, लोखंडी कडीचा. कडी त्याच्या कानात अडकली. मामा, तो पळाला नाही. मार खाताना तो माझ्याकडे बघत होता.

मी का बोललो असं? मला पुढे तुमच्याकडेच राहून शिकायचं होतं. सुप्याला आई-अण्णांची कारखान्याजवळची एक खोली, त्यात पाच माणसं. शेळी मी मारली हे कळलं तर तुम्ही मला परत पाठवाल, असं वाटलं. एवढंच कारण होतं. आज लिहिताना ते किती लहान दिसतं!

आणखी एक तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसा असतो. पात्राचा चेहरा काढताना आम्ही स्वतः तसं तोंड करतो, आरशात बघतो आणि काढतो. डांबर मासे चोरतो आणि पिटुकलीकडे बोट दाखवतो, तो चेहरा साहेबांना काही केल्या पसंत पडेना. मी आरशात बघितलं आणि त्या दिवशी विहिरीवर जसा उभा होतो तसा उभा राहिलो. साहेब म्हणाले, आता जमलं. कान आणि पाय भुंग्याचे आहेत. नजर माझी आहे.

हे पत्र सगळ्यांपुढे वाचा. माझं नाव घेऊन वाचा. हवं तर मी येतो आणि ग्रामपंचायतीपुढे उभा राहून सांगतो. नोकरी गेली तरी चालेल.

तार वेळेवर मिळाली की नाही तेवढं कळवा.

तुषार


१४ ऑक्टोबर १९९७

चि. तुषार, जय भीम.

पंधरा दिवस उत्तर दिलं न्हाई, ते मुद्दाम दिलं न्हाई. तू तिकडं तळमळला असशील. तळमळू दे म्हनलं.

तार शनिवारी दुपारी आली. पोष्टमन दारात उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला, तारेत मयतच असनार म्हनून गल्ली गोळा झाली. तुझी मामी ऐकून रडायला लागली. आनंदानं का कशानं, मी विचारलं न्हाई.

रविवारी सकाळी गाव जमलं ते सुई बघायला. मी तार वाचली. सहादेव काय म्हनला ठाऊक हाय? "वा जालिंदरभाऊ! शेवटच्या घडीला तार! हे तर डिट्टो तुमच्या पिक्चरमधलं झालं. तिथं टेकडीमागनं कान दिसले, इथं तार दिसली. मामा-भाच्यानं मिळून रचलंय." आन् लोकांनी माना हालवल्या. तुझं पत्र मंगळवारी आलं, तेबी वाचलं, तर म्हनले, भाचा गोष्टी रचायच्याच कारखान्यात कामाला हाय. सात वरसं खोट्यावर विश्वास बसला, माझा तुझ्या आन् गावाचा माझ्या. खऱ्यावर एकाचाबी बसंना.

त्या रविवारी मी म्हनलं, तुमी माना नायतर नका मानू. एकदा मी या जनावराला न विचारता मारलं, एका पोराच्या शब्दावर. आता चित्राच्या शब्दावर मारनार न्हाई. कोनाला औषध घालायचं असंल त्यानं माझ्या दारातनं यावं. डॉक्टरसाहेबांची सुई माघारी दिली. तवापासनं आमच्याशी बोलनारी घरं कमी झाली. भागिरथीला पिठाच्या गिरणीत नंबर असून थांबवलं. मी हे तुला सांगतोय ते रडगानं म्हनून न्हाई. तुला हिशेब कळावा म्हनून सांगतोय, चित्राचा आन् हिरीवरच्या त्या एका वाक्याचा.

मंग धा तारखेला, दिवसाढवळ्या, गोजरबाई माळावर शेरडं घिऊन गेल्ती. तिच्या डोळ्यादेखत लांडगा आला, करडाची मान धरली आन् पाठीवर टाकल्यागत घिऊन गेला. एक थेंब रगात सांडलं न्हाई. बाई तशीच पळत ग्रामपंचायतीत आली आन् धापा टाकत सगळ्यांना सांगितलं. मंग आमच्या दारात आली. म्हनली, "भाऊ, माझी जीभ झडू दे." मी म्हनलं, बाई, तुमी बघितल्यावर लगेच येऊन बोलला. माझ्या घरातल्याला सात वरसं लागली. सहादेव काय आला न्हाई, पन वाटंत मान वळवतो.

तवा आळ गेला. पन पोरं त्याला आता डांबरच म्हनत्यात. कौतुकानं म्हनत्यात काही, बिस्कीट देत्यात, पन म्हनत्यात डांबर. भुंग्या म्हनलेलं त्यांना कळतच न्हाई कोन ते. शुभांगीबाईंनी सांगून बघितलं. चित्र पुसता येत न्हाई म्हनं एकदा दाखवल्यावर. ते तूच सांग मला, येतं का? तू त्यातला जानकार.

तुझ्यावर लई राग हाय. घरात पाऊल टाकू नको, असं लिहून झालं हुतं, तुझ्या मामीनं तो कागद चुलीत घातला. दिवाळीला ये असं ती म्हनती. ये. कारन तू पंधरा वरसांचं पोर हुतास, भ्यालेलं. खोटं तू बोललास. पन कासरा माझ्या हातात हुता, आन् मी परिचर मानूस, मुक्या जनावराला काय झालंय ते अंग बघून वळखायचं हेच माझं काम. त्या दिवशी मी त्याच्या अंगाकडं बघितलंच न्हाई. तुझ्या तोंडाकडं बघितलं.

तुला हे कधी सांगितलं न्हाई. त्या मारापासनं भुंग्या कधी माझ्या हाताच्या टप्प्यात आला न्हाई. चार हात लांब बसायचा. मी माझ्या मनाला सांगायचो, गुन्हा केलाय न्हवं, लाज वाटती त्याला. सात वरसं मी असं सांगत आलो.

परवा सकाळी भाकरी घेतली आन् मीच उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हनलं, कान तरी कुरवाळावा. हात उचलला. तर त्यानं डोळे मिटले, मान भुईला लावली आन् गप पडून राह्यला, मार खायला. उठला न्हाई, गुरगुरला न्हाई. मी हात तसाच वर धरून बसलो. मामी दारातनं म्हनली, "अवो, खाली घ्या की तो हात."

खाली कसा घ्यायचा, तेच मला कळंना.

जालिंदर